वेशीवर थांबलेले गाव

ऑगस्टच्या उन्हात डर्बीशायरच्या डोंगराळ भागातून प्रवास करताना दोन्ही बाजूंना हिरवी कुरणे, दगडी बांध आणि संथपणे चरणाऱ्या मेंढ्या दिसतात. शेफील्ड शहराच्या नैर्ऋत्येला अशाच एका उतारावर ईम हे छोटेसे गाव आहे. इंग्रजी अक्षरे वाचून नवखा पर्यटक हमखास ‘एयाम’ म्हणतो; गावकरी मात्र ‘ईम’ असाच उच्चार करतात.

गाव अगदी चित्रातल्यासारखे. करड्या दगडाची बैठी घरे, लहान तावदानांच्या खिडक्या आणि दारांवर चढलेले गुलाबाचे वेल. चर्चच्या आवारात आठव्या शतकातील कोरीव दगडी क्रूस उभा आहे. ऑगस्टच्या अखेरीस इथले पाणवठे सजवतात. ओल्या मातीच्या फलकावर फुलांच्या पाकळ्या चिकटवून चित्रे साकारतात. आपल्याकडच्या फुलांच्या रांगोळीचीच आठवण व्हावी!

पण कॅमेरा सरसावून घरांजवळ गेले, की भिंतीवरच्या पाट्या दिसतात. त्यांवर त्या त्या घरात प्लेगने मरण पावलेल्यांची नावे आहेत.

१६६५ साली लंडनहून एका शिंप्याच्या घरी कापडाचा गठ्ठा आला. त्यातून प्लेगच्या पिसवा आल्या, असे सांगितले जाते. त्या घरात कामाला असलेला जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबरला दगावला. घरची बाई मेरी हॅडफील्ड तेवढी वाचली. तिची दोन्ही मुले आणि नवरा गेला. थंडीत साथ मंदावली आणि उन्हाळ्यात पुन्हा भडकली. तेव्हा, जून १६६६ मध्ये, तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याने गावकऱ्यांना गावाबाहेर न पडण्याची विनंती केली. पदावरून दूर केलेला आधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली त्याच्या बाजूने उभा राहिला. दोघांचे धर्मविषयक विचार जुळत नव्हते, तरीही.

गावाच्या हद्दीवरचा दगड आजही पाहायला मिळतो. त्याला पाडलेल्या भोकांत व्हिनेगर भरून गावकरी नाणी ठेवत आणि शेजारच्या गावचे लोक धान्य ठेवून जात. चर्च बंद करून प्रार्थना जवळच्या घळीत, उघड्यावर होऊ लागली. १६६६च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांत, सुमारे २६० माणसे गेली. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीनही त्यात होती. चर्चच्या आवारातच तिचे थडगे आहे.

हे सारे स्वखुशीने झाले का? काही अभ्यासकांना शंका आहे. ज्यांना शक्य होते ते आधीच निघून गेले होते; मॉम्पेसननेही आपली मुले दूर पाठवली होती. गरीब जाणार तरी कुठे? तरीपण १८९७च्या पुण्यातील प्लेगमध्ये गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून केलेली सक्ती ज्यांनी वाचली आहे, त्यांना विनंतीने थांबलेल्या या गावाचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

१९९४ साली सुरू झालेल्या इथल्या संग्रहालयाच्या छपरावर वारा दाखवणारा धातूचा उंदीर आहे. मुलांना तो फार आवडतो. पाट्या असलेल्या घरांत मात्र आजही कुटुंबे राहतात. खिडकीतून आत डोकावणारे उत्साही पर्यटक ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

गावापासून थोडे वर चालत गेले, की रायली येथील थडगी लागतात. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले इथे पुरली. मदतीला कोणी नव्हते. आता त्या थडग्यांभोवती एक गोल दगडी भिंत आहे. आत शिळा, बाहेर गवत. इथे आलेली माणसे आपोआप हळू आवाजात बोलतात आणि शिळांवरची अक्षरे वाचत बराच वेळ उभी राहतात.