श्वासाची शिकवणी

जी गोष्ट नुकतें जन्मलेलें मूल कोणाच्याही शिकवणीवांचून करतें, ती त्याच्या आईला मात्र वर्गांत जाऊन शिकावी लागते, हें प्रथम ऐकतांना कोणासही थोडें चमत्कारिक वाटेल. श्वास घ्यायला का कोठें गुरु लागतो? पण गेल्या वर्षीं आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली, आणि जांवई नोकरीनिमित्त परगांवीं असल्यामुळें तिला दर शनिवारीं प्रसूतिपूर्व वर्गास पोंचविण्याचें काम मजकडे आलें. इतर स्त्रियांचे यजमान बसत, तेथेंच सतरंजीच्या कडेला मीही बसूं लागलों. तीस वर्षें शिकविण्यांत घालविलेल्या माणसाला पुन्हां विद्यार्थी होण्याचा हा योग सुखाचा वाटला.

शिकवण साधी होती. कळ सुरू होतांच एक दीर्घ उच्छ्वास टाकावा. मग नाकानें सावकाश श्वास घ्यावा आणि घेतांना लागला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. कळ ओसरली कीं पुन्हां एक दीर्घ श्वास. तेवढ्यानें ती संपल्याची जणूं नोंद होते. बाळाचें डोकें बाहेर येतांना दिव्यावर फुंकर घालावी तसे आखूड श्वास टाकायचे, म्हणजे जोर आवरला जातो आणि डोकें हळूहळू बाहेर येतें. घाईनें श्वास घेत राहिल्यास रक्तांतील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटतो, बोटांना मुंग्या येतात, घेरी येते. म्हणून सारा भर संथपणावर. गर्भाशय आपला हुकूम मानीत नाहीं, हृदयही मानीत नाहीं. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि सांगितलेलेंही ऐकतो. त्या वेळीं बाईच्या हातीं एवढीच सत्ता उरते.

प्राणायाम आपल्याकडे जुना. पण प्रसूतिवेणांसाठीं स्त्रियांना पद्धतशीर शिक्षण देण्याची ही चळवळ विसाव्या शतकांतली. इंग्लंडमधील डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनीं १९३३ सालच्या आपल्या ग्रंथांत भीतीनें शरीर आखडतें आणि आखडल्यानें वेदना वाढते, असें प्रतिपादन केलें. पुढें सोव्हिएट संघांत पाव्हलॉव्हच्या सिद्धांताच्या आधारानें गरोदर स्त्रियांना शिक्षण देण्याची पद्धत निघाली. फ्रेंच डॉक्टर फेर्नां लामाझ ती १९५१ सालीं तेथें पाहून आले आणि श्वासाच्या व्यायामांसह त्यांनीं ती पॅरिसमध्यें रुजविली. मार्जरी कार्मेल या अमेरिकन बाईंनीं १९५९ सालीं आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिलें, आणि अमेरिकेंत लामाझ हें नांव घरोघर पोंचलें. फ्रान्समध्यें या पद्धतीला ‘वेदनारहित प्रसूति’ म्हणत. माझ्या मतें सारा घोटाळा त्या नांवांत आहे. वेदना होणार नाहीं असें वचन एकदां दिलें, कीं वेदना झाली तर दोष कोणाचा? ब्रिटिश लेखिका शीला किट्झिंगर यांनीं नमूद केलें आहे कीं, लामाझ प्रसूत होणाऱ्या स्त्रियांच्या कामगिरीला ‘उत्कृष्ट’पासून ‘संपूर्ण अपयश’पर्यंत श्रेणी देत, आणि त्यासाठीं त्यांची तळमळ व किंकाळ्या विचारांत घेत!

हें वाचलें तेव्हां मला आमच्या वर्गांतील एक तरुण बाई आठवली. पहिल्या खेपेस दिवसभर कळा सोसून अखेर तिच्यावर सिझेरियन शस्त्रक्रिया करावी लागली होती. ओळख करून देतांना ती खालीं पाहून म्हणाली, “मागच्या वेळीं मी नापास झाले.” तो शब्द माझ्या धंद्यांतला, मीं तो असंख्य गुणपत्रिकांवर पाहिला आहे. पण मूल आडवें असलें, किंवा त्याच्या हृदयाचे ठोके मंदावले, तर आईचा श्वास कितीही संथ असून काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शनांत वेदना हलकी करण्याच्या उपायांत श्वासाचीं तंत्रेंही आहेत आणि एपिड्यूरलही आहे. निवड त्या स्त्रीच्या इच्छेवर सोपविली आहे. तेथें कोणी पहिलें नाहीं, कोणी नापास नाहीं.

आमच्या कन्येला पंधरा तास लागले. तिची आई आंत तिच्याजवळ श्वास मोजीत होती. मी बाहेर बांकावर. नऊ तास तिनें श्वासावर काढले, मग स्वतः होऊन एपिड्यूरल मागितलें, आणि शेवटीं फुंकरीचे ते आखूड श्वास पुन्हां कामीं आले. चार दिवसांनीं मीं विचारलें, “त्या शिकवणीचा उपयोग झाला का ग?” ती म्हणाली, “बाबा, कळा कांहीं कमी झाल्या नाहीत. पण प्रत्येक कळ कुठं संपते, तें मला ठाऊक होतं.”

या विद्येचें याहून अधिक मोल मला सांगतां यायचें नाहीं, आणि हें मोल थोडें नाहीं. परंतु भेटायला येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न विचारी, “नॉर्मल का सिझर?” निकालाच्या दिवशीं वर्ग विचारावा तसा! पूर्वीं व्याह्यांकडे कार्ड जाई, त्यांत एवढेंच असे: बाळ-बाळंतीण सुखरूप. तेवढ्यावर पेढे वांटले जात.