‘बुट’ कामून नाही?

आष्टी, सोमवार.

आज दुसरीतल्या एका पोरीनं विचारलं, “सर, पुट म्हणता, मग बी-यू-टी बुट कामून नाही?” मी फळ्यापाशी तसाच उभा राहिलो. जसं दिसतं तसं वाचायचं, हे देवनागरीनं तिला नुकतंच शिकवलंय. तिचं काहीच चुकलेलं नाही.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दक्षिण कोरियानं ते १९९७मध्ये तिसरीपासून सुरू केलं. कोरियन भाषेतही मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं, ‘ए’, ‘द’ नाहीत. ‘फ’ तर तिथं जमतच नाही, कॉफीची ‘कॉपी’ होते. तिथल्या मुलांनाही माझ्या वर्गासारखंच ‘आय मँगो ईट’ म्हणावंसं वाटत असणार. हे कळल्यापासून मी अशा वाक्यावर लाल रेघ मारत नाही. आधी हसून ‘हो, आंबा खाल्लास’ म्हणतो, मग शब्द जागेवर बसवतो.

खरं तर पोरांकडं इंग्रजी आहेच. मोटार, पाईप, ड्रीप, चार्जर, टेम्पो, रिचार्ज. आज हेच फळ्यावर लिहून घेतलं. मागच्या बाकावरचा, कधीच न बोलणारा पोरगा ‘स्टार्टर’ म्हणाला आणि तो कसा दाबायचा तेही त्यानं दाखवलं.

दिवाळीनंतर तो आईबापासोबत ऊसतोडीला जाईल. तोवर त्याला निदान स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिता यावं. उद्या तिथूनच सुरुवात करतो.