हळदीच्या डब्यावरचं अक्षर

भाऊ गेला तेव्हा इस्राएलमधल्या अश्दोदला त्याच्या घरी आम्ही शिवाला बसलो होतो. शिवा म्हणजे दफनानंतर सात दिवस घरातच, बुटक्या स्टुलावर बसून पाळायचं आम्हा यहुद्यांचं सुतक. तिसऱ्या प्रहरी माणसांची ये-जा जरा थांबली, तशी भाची स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन आली. डब्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनने भावाच्या अक्षरात लिहिलेलं : ‘हळद (ठाणे)’. मी ठाण्याहून पाठवलेली हळद तो तिथल्या दुकानातल्या हळदीत मिसळू द्यायचा नाही. पट्टीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. ‘ळ’चा दुसरा फुगा मात्र शाळेत गिरवायचा तसाच टपोरा.

‘‘आत्या, हे मी हातावर टॅटू करते. पप्पाचा अक्षर.’’

पोरगी इस्राएलमध्ये जन्मलेली. मराठी बोलते, पण देवनागरी तिला वाचता येत नाही. ‘‘काय लिहिलंय ते तरी कळतंय का गं?’’ विचारलं, तर म्हणाली, ‘‘हळद. वास येतो ना!’’

समोर बसलेल्या एका वयस्कर नातेवाइकांनी ते ऐकलं. म्हणाले, ‘‘खुशाल कर. मग यहुदी कबरस्तानात जागा मिळणार नाही. बापाशेजारी पुरणार नाहीत तुला.’’ बापाला मातीआड करून आलेल्या मुलीला हे ऐकवायचं! तिचा चेहरा पांढराफटक पडला. सुतकाच्या घरात वाद नको म्हणून मी विषय बदलला. पण डोक्यातून जाईना.

ठाण्याला परतल्यावर तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, काढली. लेवीय, अध्याय 19, वचन 28. मनाई आहे, त्यात शंका नाही. पण ती कुठे बसलीय ते पाहण्यासारखं आहे. त्याच वचनात आधी मेलेल्यासाठी अंगावर वार करून घेऊ नका असं सांगितलंय आणि त्याला जोडूनच गोंदून घेऊ नका असं. आसपासच्या लोकांत शोक असाच व्हायचा. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 41व्या अध्यायात तर शेखेम, शिलो आणि शोमरोनहून ऐंशी माणसं दाढ्या भादरून, अंगावर वार करून घेऊन देवाच्या घरी अर्पणं न्यायला निघालेली दिसतात. म्हणजे नियम होता आणि लोक दुःखाच्या भरात तो मोडतही होते.

आमच्याकडचे एक निवृत्त हझान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, आहेत, त्यांच्याकडे बसून मी मिश्ना या आमच्या जुन्या नियमसंग्रहातला मक्कोथ हा भाग वाचला. तिसऱ्या प्रकरणात शास्त्री अगदी कारागिरासारखे बोलतात. नुसतं लिहिलं, टोचलं नाही, तर शिक्षा नाही. नुसतं टोचलं, लिहिलं नाही, तरी नाही. दोन्ही केलं, शाईने, सुरम्याने किंवा कायम राहील अशा कशाने, तरच गुन्हा पुरा. आणि लगेच रब्बी शिमोन यांचं वेगळं मत : देवाचं नाव लिहिलं तरच दोष. मिश्नावरची चर्चा असलेला तल्मूद यात दुसऱ्या दैवताचं नाव वाचतो. पुढे मध्ययुगातला शास्त्री मायमोनिदिस कारण देतो की मूर्तिपूजक लोक आपण त्या दैवताला विकले गेलेले दास आहोत हे दाखवायला अंगावर खूण करत. ही त्याची कल्पना नव्हे. इजिप्तमधल्या एलेफंटाइनच्या यहुदी वस्तीतल्या आरामी कागदपत्रांत गुलामांच्या हातावर मालकिणीची खूण असल्याची नोंद आहे. हझान हसून म्हणाले, ‘‘आणि यशायाला विसरू नका, 44वा अध्याय. तिथे माणूस हातावर ‘मी परमेश्वराचा’ असं लिहितो.’’ ते खरंच लिहिणं की बोलण्याची रीत, यावर आमचा चहा गार झाला.

इस्राएलमध्ये या विषयाला आणखी एक बाजू आहे, औशवित्झच्या नाझी छळछावणीत कैद्यांच्या हातावर गोंदलेल्या नंबरांची. कोकणात आम्हा बेने इस्राएल यहुद्यांवर कोणी असा हात उगारला नाही, त्यामुळे त्या वेदनेवर मी हक्क सांगणार नाही. पण बळजबरीने गोंदलेल्यावर दोष येत नाही, हे शुल्खान आरूख या आमच्या नियमग्रंथात त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलंय. आज काही नातवंडं आजोबांचा तोच नंबर आपल्या हातावर गोंदवून घेतात. 2012 मध्ये त्यावर ‘नंबर्ड’ नावाचा माहितीपटही निघाला. लेवीयातलं वचन वाचलं तर हे मेलेल्यासाठी गोंदणंच झालं. त्या नातवंडांना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं, ते मला ठाऊक नाही.

यावरून आठवतं, आमच्या आळीतल्या आगरी काकू हातावरचं गोंदण दाखवून आईला म्हणायच्या, ‘‘दागिने इथेच राहतात वैनी, गोंदण तेवढं बरोबर येतं.’’ आई म्हणायची, ‘‘आमच्यात काहीच बरोबर नेत नाहीत.’’ दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या.

भाचीला फोन केला तेव्हा मी आडपडदा ठेवला नाही. रब्बी शिमोनच्या मताचा आडोसा घेऊ नकोस, बहुतेकांनी ते धरलेलं नाही. मनाई ती मनाईच. पण शोकाला जागाच नाही असं नाही. दफनाच्या वेळी तुझा शर्ट डाव्या बाजूला, काळजावर फाडला, माझा उजव्या बाजूला. आईबापांसाठी डावी, भावंडांसाठी उजवी. आईबापांसाठी फाडलेलं कापड नंतर टाचता येतं, पण पुन्हा पहिल्यासारखं शिवायचं नसतं. कातडीच्या जागी कापड, अशी मला ती तोड वाटते.

‘‘शर्ट कपाटात राहतो आत्या. हात बरोबर असतो,’’ ती म्हणाली.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती सज्ञान आहे, सैन्यात नोकरी करून आलीय; हात तिचा आहे. मी स्वतः गोंदवून घेणार नाही, आणि तिने विचारलं तर ‘नको’च म्हणेन.

पण आमच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून एक सांगणं आहे. पोरांना वचन वाचून दाखवा, मिश्ना दाखवा, हवं तर रागवा. कबरस्तानाची भीती मात्र घालू नका. गोंदलेल्याला यहुदी कबरस्तानात पुरू नये, असा नियम तोरात नाही, तल्मूदात नाही, शुल्खान आरूखातही नाही.