खांद्याएवढी तुती

तुती मोकळी सोडली की तीन-चार वर्षांत घराच्या पत्र्यावर जाते. मग फळं सगळी शेंड्याला लागतात आणि शेंडा बुलबुल-साळुंक्यांचा. आमच्या संभाजीनगरच्या घरामागं दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. तिथली तुती मात्र सात वर्षांत माझ्या खांद्याच्या वर गेलेली नाही. आई जाऊच देत नाही.

आई रेशीमवाली. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी अण्णांनी २०१० साली एक एकर तुती लावली होती, पाच-तीन-दोनच्या जोडओळीत. शेडमध्ये रॅकवर आळ्या. आळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या अवस्थेत अशी काही खाते की माणसाला जेवायला सवड राहत नाही. रात्री शेडमध्ये उभं राहिलं तर बाहेर पाऊस लागल्यासारखा आवाज यायचा, तो सगळा पाला खाल्ल्याचा. कोष तयार झाले की चार-पाच शेतकरी मिळून टेम्पो करायचे आणि थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. अण्णा दोन रात्री घराबाहेर. परत आले की आधी आईला भाव सांगायचे, मग पाणी प्यायचे.

त्या एकरभर तुतीला आम्ही फळ कधी धरूच दिलं नाही. पाला हेच पीक. फांदी फळण्याच्या आत विळ्यानं कापून शेडमध्ये. बांधाच्या कडेला विळ्यातून सुटलेलं एखादं झाड फळायचं, पोरं जांभळी तोंडं करून यायची. आई म्हणायची, "फळ खाल्लं म्हंजी पाला खाल्ला. आळीच्या तोंडचा घास हाय त्यो."

२०१७ साली अण्णा गेले. पुढच्या उन्हाळ्यात थोरल्या भावानं तुती काढून सोयाबीनला रान मोकळं केलं. त्याला मी दोष देत नाही. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली की वाऱ्यानं औषध आमच्या पाल्यावर यायचं आणि अख्खी बॅच लोळायची. वहिनी आजारी, मजूर मिळेना, आणि सोयाबीनला कुणी रात्री उठून खायला घालत नाही. पण २०१८ सालीच जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली. गावापासून काही तासांवर. आई एवढंच बोलली, "एक तरी वळ ठेवायची." त्यानंतर ती भावाशी कामापुरतंच बोलायला लागली आणि पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडं राहायला आली. येताना ओल्या पोत्यात गुंडाळून आठ काड्या आणल्या.

काड्या बांधावरच्या त्या फळणाऱ्या झाडाच्या होत्या. हे मला नंतर कळलं. तुतीत नर झाड वेगळं, मादी वेगळं असू शकतं; नराची काडी लावली तर जन्मभर पालाच. काडीचं झाड मात्र मूळ झाडासारखंच निघतं. आईला ही भाषा येत नाही, पण कोणतं झाड पोरांची तोंडं रंगवायचं ते पाठ होतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या. एकच डोळा मातीवर, बाकी खाली. आठांतल्या सहा फुटल्या. तिनं जोमाची एक ठेवली, बाकीच्या उपटून टाकल्या. तीही नळाच्या पाइपापासून आणि भिंतीपासून जमेल तेवढी लांब, कारण तुतीची मुळं ओल शोधत जातात.

झाड गुडघ्याएवढं झालं तेव्हा तिनं शेंडा मारला. बायको हळहळली. पण शेंडा मारल्याशिवाय बाजूच्या फांद्या जोर धरत नाहीत. चार फांद्या चार दिशांना ठेवल्या, आतल्या बाजूला वळणारं सगळं काढलं. आता दर वर्षी उन्हाळ्याची फळं संपली की मृगाच्या आधी ती झाड पार बोडकं करते. फांद्यांना वीतभर खुंट ठेवते आणि उरलासुरला पालाही ओरबाडते. बघवत नाही. पंधरा दिवसांत डोळे फुटतात आणि नव्या फुटव्यावर पानांच्या बेचक्यात हिरवी फळं दिसायला लागतात. तुती नव्या फुटव्याला फळते, म्हणून छाटणीनं फळ जात नाही, उलट हाताशी येतं. छाटल्यावर घमेलंभर शेणखत आणि भरपूर पाणी. एवढंच तिचं शास्त्र.

विळा मात्र तिनं सोडला. विळ्यानं फांदी चिरते, असं म्हणून मला द्राक्षवाल्यांचा सिकेटर आणायला लावला. गुडघे दुखतात म्हणून ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून छाटते. झाडाची उंची खरं तर त्या खुर्चीवरून ठरलेली आहे.

नातू शाळेतून आला की थेट तुतीपाशी. लाल तोडू नको, काळं होऊ दे, हे त्याला सांगून झालंय, तरी तो लाल तोडतोच आणि तोंड वाकडं करतो. शर्टावर डाग पडला की आई त्यावर कच्चं फळ चोळते. डाग बराचसा निघतो, बायकोचं समाधान होत नाही. पाल्याचा हिशोब मांडणारी माझी आई आता झाडाला जुनी साडी गुंडाळते, पाखरांनी फळ नेऊ नये म्हणून. मी एकदा विचारलं, "माय, आळीच्या तोंडचा घास ना हा?" ती म्हणाली, "आळ्या कुठंयत आता?"

यंदा छाटणीच्या वेळी भाऊ आला होता, तालुक्याला काम नव्हतं तरी. छाटलेल्या फांद्यांचा ढीग बघत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ह्यातल्या चार-दोन काड्या दे. विहिरीजवळ लावतो." आईनं वर न बघता दहा काड्या निवडल्या, मोजून घेतल्या, ओल्या फडक्यात बांधल्या. सात वर्षं एकरभर तुती सांभाळलेल्या त्या माणसाला ती म्हणाली, "डोळा वर ठेव. उलटी लावशील."

तो "हा" म्हणाला आणि गाठोडं सीटवर न ठेवता मांडीवर घेऊन एसटीत बसला.