आईच्या मापाची गाडी

"तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." सहलीचा बेत ठरला की अनेक घरांत हे वाक्य ऐकू येते. तरुण मंडळी त्याचा अर्थ, आता वय झाले, हौस उरली नाही, असा लावतात. कुटुंबवैद्य म्हणून काम करताना मला मात्र या वाक्यामागे वेगळीच कारणे आढळली आहेत. थोडे खोदून विचारले की ती एकेक करून बाहेर येतात. गाडीत चढताना गुडघा साथ देत नाही. दुपारी घटकाभर पाठ टेकायला जागा मिळत नाही. आणि वाटेत लघवीची घाई झाली तर काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

यातले शेवटचे कारण सर्वांत प्रबळ, आणि तेच सर्वांत कमी बोलले जाते. विशेषतः स्त्रिया त्याचा उच्चारही टाळतात आणि आपापल्या परीने उपाय शोधतात. आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचे, निघण्याच्या दिवशी सकाळची लघवी वाढवणारी गोळी चुकवायची. कमी पाण्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते, बद्धकोष्ठता होते, उभे राहताच भोवळ येते. गोळी वारंवार चुकली तर पायांवर सूज चढते आणि हृदय आधीच दुर्बल असेल तर धापही लागते. हे सारे कोणाच्या लक्षात न येता घडते. पुढे त्या व्यक्तीचे जग घर, अंगण आणि खिडकी एवढेच उरते.

माझी आई सांगलीची. वय एकोणऐंशी. दोन्ही गुडघ्यांची झीज, मधुमेहासाठी रात्रीचे इन्सुलिन, रक्तदाब आणि पायांवरची सूज यांसाठी गोळ्या. मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो, आणि आई उन्हाळ्यात काही महिने आमच्याकडे येते. इथला निसर्ग पाहायचा तर लहान रस्त्यांनी जावे लागते. महामार्गांवर विसाव्याची ठिकाणे आहेत, परंतु आडवळणाच्या अनेक गावांतली सार्वजनिक स्वच्छतागृहे खर्चकपातीत बंद झाली आहेत. सलग दोन उन्हाळे आईने आमच्या खिडकीतूनच इंग्लंड पाहिले. तेव्हा आम्ही पतिपत्नींनी ठरवले की, आईला गाडीच्या सोयीने बसवण्यापेक्षा गाडीच आईच्या मापाची करून घ्यावी.

इथे जुनी जपानी कौटुंबिक गाडी आयात करून तिची कॅम्परव्हॅन करण्याची चांगली रूढी आहे. जपान आणि ब्रिटन दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे चालकाचे आसन बदलावे लागत नाही. जपानमध्ये खासगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. ती खर्चीक असल्याने लोक सुस्थितीतल्या गाड्याही विकून टाकतात. लिलावात प्रत्येक गाडीसोबत तपासनिसाने भरलेला तक्ता असतो. त्यात गाडीला गुण दिलेले असतात, आणि ओरखडे, पोचे, रंगकाम यांच्या खुणा आकृतीवर दाखवलेल्या असतात. एका अर्थी तो रुग्णाचा केसपेपरच.

या हौशी मंडळींची जुनी आवडती गाडी म्हणजे माझदा बोंगो फ्रेंडी. 1995 ते 2005 या काळात निघालेल्या या गाडीच्या काही प्रकारांत बटण दाबताच उचलले जाणारे छत कारखान्यातूनच येत असे. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे शीतक द्रवाची गळती लवकर लक्षात येत नाही. म्हणून जाणकार मालक द्रवाची पातळी घटताच वाजणारी घंटा बसवून घेतात. आम्ही मात्र टोयोटा अल्फार्ड निवडली, आणि तीही 'वेलकॅब' प्रकारातली. वृद्ध आणि अपंग प्रवाशांसाठी टोयोटा ज्या गाड्या तयार करते, त्यांना हे नाव आहे. जपानमध्ये चारांतील एकाहून अधिक माणसे पासष्टी ओलांडलेली आहेत, त्यामुळे तिथल्या कारखानदारांना म्हातारपणाचा विचार करावाच लागतो. आमच्या गाडीत मधल्या रांगेतले डावे आसन बटण दाबताच सरकत्या दाराकडे वळते, बाहेर येते आणि हळूहळू खाली उतरते. आईने गाडीत चढायचेच नाही. रस्त्याकडेला उभे राहून मागे टेकायचे, बाकीचे काम आसन करते. एवढे मात्र की, ते बाहेर येण्यासाठी गाडी उभी करताना डाव्या अंगाला मोकळी जागा ठेवावी लागते.

कागदपत्रांचे सोपस्कार थोडक्यात सांगतो. गाडी ब्रिटनमध्ये आल्यावर 14 दिवसांच्या आत करखात्याला कळवावे लागते. दहा वर्षांहून जुन्या मोटारीला आयातीची वेगळी मान्यता-चाचणी लागत नाही, परंतु वार्षिक सुरक्षा तपासणी उत्तीर्ण व्हावीच लागते. मागे धुक्याचा दिवा बसवला, वेगदर्शक किलोमीटरऐवजी मैल दाखवील अशी व्यवस्था केली. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून गाडीच्या तळाला गंजरोधक लेप दिला.

मग खरे काम सुरू झाले. आधी आईचे माप घेतले. घरातल्या खुर्चीत बसवून, पायांत चपला ठेवून, गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. ते 41 सेंटिमीटर भरले. झिजलेल्या गुडघ्यांना बुटक्या आसनावरून उठणे कठीण जाते. आसन या मापापेक्षा थोडे उंच असेल तर मांड्यांवरचा ताण कमी होतो. म्हणून गादीसह पलंगाची उंची 46 सेंटिमीटर ठेवली. पलंग गाडीच्या उजव्या अंगाला लांबीच्या दिशेने केला. डोक्याकडचा भाग उचलता येईल अशी बिजागरी लावली, कारण आईला अगदी सपाट झोपवत नाही.

डाव्या अंगाला, फिरत्या आसनामागे, एक भक्कम लाकडी पेटी बसवली आणि तिच्यात सुटा कमोड ठेवला. बाजारात मिळणारे असे कमोड बहुधा फारच बुटके असतात. तरुणांना ते चालतात, परंतु वृद्ध माणूस त्यावर बसला तर उठताना दुसऱ्याला हाक मारावी लागते, आणि ज्या संकोचापायी हा सारा खटाटोप, तो संकोच तिथेच राहतो. म्हणून पेटीत चौथरा करून बैठकीची उंची पलंगाइतकी आणली. शेजारी हाताला येईल अशी आडवी दांडी लावली, आणि ती नुसत्या प्लायवूडला न जोडता गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडली. भोवती जाड पडदा. झाकण लावले की तीच पेटी बसायची चौकी होते.

छत कापून उचलते छत बसवण्याचे काम मात्र अनुभवी कार्यशाळेकडे सोपवले, कारण छत हा गाडीच्या मजबुतीचा भाग असतो. वरच्या खाटेवर आम्ही दोघे झोपतो. या छताचा मोठा उपयोग आईने दाखवून दिला. ती नेहमी साडी नेसते, आणि साडी नेसायची तर ताठ उभे राहता आले पाहिजे! खाटेची फळी वर सारली की गाडीच्या मधोमध तेवढी उंची मिळते. कॅम्परव्हॅनच्या कोणत्याही पुस्तिकेत हे परिमाण मला आढळले नव्हते.

विजेसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची वेगळी बॅटरी ठेवली. गाडी चालू असताना ती भरते, आणि प्रत्येक वायरीला स्वतंत्र फ्यूज आहे. या बॅटरीवर लहान फ्रीज चालतो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते आणि ते गोठले तर वाया जाते, म्हणून फ्रीजमध्ये साधा तापमापक टांगला आहे. पलंगाखाली मंद पिवळा दिवा आहे. पाय जमिनीला लागताच तो लागतो. रात्री झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब घसरतो, त्यात अंधार आणि अनोळखी जागा. वृद्धांच्या पडण्याची ही ठरलेली वेळ. दिवा लागला की मिनिटभर काठावर बसायचे, पावले वरखाली हलवायची, मगच उठायचे, असा नियम आईला घालून दिला.

एका बाबतीत तडजोड केली नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड वायू साचला तर झोपलेला माणूस जागाही होत नाही. त्याला वास नसतो आणि रंगही नसतो. कोळशाची शेगडी विझत आली असली तरी ती आत आणायची नाही. आमच्या गाडीतील डिझेल हीटरचा धूर थेट बाहेर जातो, स्वयंपाक बाहेर छपरीखाली होतो, आणि आत या वायूची सूचना देणारे यंत्र आहे. तसेच, गाडी चालू असताना पलंगावर कोणीही झोपायचे नाही. प्रत्येकाने पट्टा लावून मूळ आसनावरच बसायचे.

सरकारी दप्तरात 'मोटर कॅरॅव्हॅन' अशी नोंद मिळवायची तर गाडीचे बाह्यरूपही तसे दिसावे लागते. आमची गाडी बाहेरून साधीच आहे, त्यामुळे त्या नोंदीचा आग्रह धरला नाही. केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला मात्र लेखी कळवला.

पहिला प्रवास नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याचा. निघण्याच्या सकाळी मी मुद्दामच काही विचारले नाही. चहा संपवून आईने गोळ्यांची डबी उघडली, पांढरी गोळी तळहातावर घेतली, आणि पेलाभर पाण्याबरोबर घेतली. पत्नीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

लिंडिसफार्न या बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा जाहीर केलेल्या असतात, आणि त्या काटेकोरपणे पाळाव्या लागतात. आम्ही दीड तास आधी पोहोचलो होतो. एरवी असा दीड तास म्हणजे आईची परीक्षा ठरली असती. तिने पडदा ओढला, नंतर हात धुतले, पोहे खाल्ले आणि पलंगावर तासभर झोपली. जागी झाली तेव्हा पाणी ओसरून रस्ता वर आला होता, दोन्ही बाजूंना ओली वाळू चमकत होती. ती बराच वेळ काचेतून पाहत राहिली. मग म्हणाली, "कृष्णेचं पाणी उतरलं की घाटाच्या पायऱ्या अशाच एकेक वर येतात." पुढच्या चार दिवसांत तिने मला तिच्या माहेरच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मी पन्नाशी ओलांडेपर्यंत ऐकल्या नव्हत्या. त्या सांगायला घराबाहेरचा निवांत वेळ लागत असावा.

प्रत्येकाने आयात केलेली गाडी घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. भारतात तर वाहनाच्या मूळ रचनेत मंजुरीवाचून बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मनाई आहे. परंतु या गाडीतील बऱ्याच सोयी रचनेला हात न लावताही करता येतात. चढण्यासाठी रुंद, न घसरणारा पाट ठेवा. घरातील वृद्धांच्या गुडघ्याचे माप घेऊन आसनावर घट्ट उशी घाला. भाड्याची मोठी गाडी असेल तर घडीचा कमोड आणि चारी बाजूंनी बांधता येईल असा पडदा सोबत घ्या. दर दोन तासांनी थांबा आणि पाय मोकळे करायला लावा. औषधे उन्हात तापणाऱ्या कप्प्यात ठेवू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी पुढेमागे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा. अनेकदा करता येते, परंतु ते त्यांनीच ठरवावे.

आणि बेत आखताना "येणार का?" एवढेच विचारून थांबू नका. "वाटेत तुम्हाला कशाची अडचण वाटते?" असे विचारा. हा प्रश्न एकांतात विचारावा, शक्यतो आईला मुलीने किंवा सुनेने, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा.