थैली सगळ्यांपुढून जाते

आमच्या आजीने अर्पणासाठी शिवलेली थैली जवळजवळ कोपरापर्यंत खोल होती. खापा हे विणकरांचं गाव. शेजारच्या घरी मागावरचं कापड उतरलं की उरलेला एखादा तुकडा आमच्याकडे यायचा. तसाच एक जांभळा तुकडा दुहेरी करून तिने ही थैली शिवली आणि तोंडाला भरतकामाची लाकडी रिंग बसवली. गावात ख्रिस्ती घरं थोडी. कोणी मागावर बसणारं, कोणी गुमगावच्या मँगनीज खाणीत जाणारं, एक मास्तर, एक नर्सबाई. रविवारची भक्ती कोणाच्या तरी ओसरीवर व्हायची आणि मोठ्या सणांना एसटीने नागपूर गाठायचं.

थैली फिरवायचं काम आम्हा पोरींकडे असे. आजीची ताकीद ठरलेली: “कोनाले सोडू नोको. थैली सगळ्यायपुढून गेली पायजे. अन् आत पाहू नोको.” मूठ मिटलेली आत जायची आणि उघडून बाहेर यायची. तिच्यात काय होतं, काही होतं की नव्हतं, हे थैली धरणारीलाही कळत नसे. सूत महाग झालं की माग थांबत. त्या दिवसांत निम्म्या मुठी रिकाम्या असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी प्रत्येक हात आत जायचा.

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली शिकवण मी संडे स्कूलमध्ये पाठ केली होती. तिथे ती देणाऱ्याच्या नम्रतेचा धडा म्हणून शिकवत. श्रीमंताने मिरवू नये, एवढाच तिचा अर्थ. ओसरीवर मला तिची दुसरी बाजू दिसली. गुप्तपणे देण्याने पहिलं संरक्षण मिळतं ते ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला. याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला झापलं आहे. आजीने ते पत्र किती वाचलं होतं कोण जाणे, तिला अक्षरं जेमतेम लागायची. पण याकोबाला हवी होती तशी बैठक तिने थैलीच्या खोलीत करून ठेवली होती.

मग मोठेपणी मार्कचा बारावा अध्याय आडवा आला. येशू मंदिरात दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतं ते चक्क पाहत होता. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, एका विधवेने दोन दमड्या टाकल्या, आणि तिचंच दान मोठं ठरलं. आजीचा नियम इथे मोडतो की काय, असं मला वाटायचं. या उताऱ्यावर मी जन्मभर उपदेश ऐकत आले, आणि बहुतेक उपदेश एकाच ठिकाणी पोचतात: बाईने सगळं दिलं, तुम्ही किती देता? बांधकाम निधी काढायचा असला की ही विधवा हमखास हजर. पण तिच्या लगेच आधीचं वाक्य कोणी मोठ्याने वाचत नाही. तिथे येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो. आणि तिच्या लगेच नंतर, तेराव्याच्या सुरुवातीला, हेच मंदिर दगडावर दगड न राहता पडेल असं सांगतो. दोन्हींच्या मध्ये ही बाई उभी आहे. माझ्या मते येशू तिथे तिचं कौतुक करतो तेवढाच तिच्याकडून शेवटची दमडी काढणाऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवतो. पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “बाई, हे वार्षिक सभेत नका बोलू.”

हंगामाच्या भक्तीनंतरचा लिलाव हा मात्र या सगळ्याच्या विरुद्ध प्रकार, आणि मला तो मनापासून आवडतो. कापणी झाली की लोक भोपळे, लिंबं, संत्री, तांदळाची पायली, कधी पाय बांधलेला कोंबडा वेदीपुढे आणून ठेवतात. भक्ती संपली की आवारात बोली लागते. इथे गुपित काही नाही. दोन लिंबांची बोली चढत चढत चिकनच्या भावाला भिडते, मागून कोणीतरी “वाढवा, भाऊ, वाढवा” ओरडतो आणि घेणारा तीच लिंबं पुन्हा लिलावाला देतो. मिरवणं आहेच. पण त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं की हा खेळ आहे, आणि ज्याची ऐपत नाही तोही ओरडून बोली वाढवायला मोकळा असतो. फक्त रविवारच्या अर्पणाचा लिलाव होऊ नये.

देण्याबद्दल बोलताना टिळक येणारच. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या प्रवचनातच ते उजव्या-डाव्या हाताचं वचन आहे. टिळकांनी ते इतकं खरं मानलं की त्यांच्या दोन्ही हातांना पैशाचा पत्ता लागत नसे. दारात येईल त्याला ते देत. मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझं लक्ष लक्ष्मीबाईंकडेच जातं. आलेलं सगळं वाटून झाल्यावर संध्याकाळची चूल त्यांनाच पेटवायची होती. दान देणारा एक आणि त्याची किंमत मोजणारी दुसरी, हे ख्रिस्ती घरांत आजही आहे. दशांश मंडळीला जातो आणि मुलीची फी थकते. यावर उपदेश झालेला मी अजून ऐकला नाही.

लग्नानंतर मी नागपुरात आले आणि पुढे मंडळीच्या पैशांच्या मोजणीला बसू लागले. तेव्हा पौल मला नव्याने भेटला. तो तंबू शिवणारा, कापडात हात असलेला माणूस, म्हणून खाप्यातल्या विणकर मंडळींना तो आपला वाटायचा. करिंथात त्याने त्याच कामावर पोट भरलं. त्याच करिंथकरांना तो लिहितो की यरुशलेमेतल्या गरिबांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. दुसऱ्या पत्रात तो आणखी व्यवहारी होतो. एवढी रक्कम न्यायची तर मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत हवा, कोणी बोट दाखवू नये, देवापुढे आणि माणसांपुढेही हिशेब स्वच्छ दिसावा. थैली नेहमी दोघांनी मिळून उघडायची, या आमच्या नियमाचं मूळ इथे आहे. देणारा झाकलेला आणि खर्च उघडा, ही पौलाची आणि येशूची मिळून झालेली व्यवस्था.

आपल्याकडे ती उलटी होत चालली आहे: देणारा उघडा आणि खर्च झाकलेला. आधी खर्चाचं पाहू. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. वडील तिकडे गेले होते आणि पुढे कितीतरी वर्षं ती गर्दी सांगत राहिले. त्या एकोप्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. आज ठिकठिकाणच्या मंडळ्यांचे जमिनींचे आणि विश्वस्तांचे दावे कोर्टात पडून आहेत. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायाधीशापुढे ओढू नये, त्यापेक्षा नुकसान सोसावं, असं पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहिलं आहे. हा उतारा वाचनमालेत आला की आमच्याकडे कोणाला तरी खोकला येतो.

आता दाराशी क्यूआर कोड लागला आहे. तो वाईट नाही. परगावी गेलेली मुलं पुण्याहून, दुबईहून अर्पण पाठवतात. पण त्याच्याजवळ ठेवलेली ती छोटी पेटी “एक हजार रुपये प्राप्त झाले” असं मोठ्याने सांगायची. प्रार्थना चालू असतानाही सांगायची. शेवटी आम्ही तिचा आवाज बंद केला. दुसरं, कोड वाचणारा फोन ज्यांच्याकडे नाही त्यांच्यापर्यंत हा कोड जात नाही. शिवाय अर्पणाच्या पाकिटांवर नाव, नावापुढे रक्कम, आणि वर्षअखेरीस अहवालात उतरत्या क्रमाने छापलेली यादी. तळाशी कोण आहे ते सगळे आधी पाहतात. यादीत नाव नसलेली एक बाई यंदा नाताळनंतर भक्तीला यायची थांबली.

मंडळीच्या कमिटीवर असलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. कोड राहू द्या, पण थैली बंद करू नका, आणि ती प्रत्येक बाकापुढून जाऊ द्या. येत्या अहवालातून देणाऱ्यांची यादी काढून टाका. त्या पानावर किती जमलं, कोणाच्या औषधाला, कोणाच्या फीला, किती वकिलाला गेलं, हे घेणाऱ्यांची नावं न देता पैशापैशाने छापा.