मधले आसन

शनिवार, रात्र.

घरातली निजानीज झाल्यावर, मेजाला आवळून बसविलेल्या स्टिअरिंगपुढे मी बसलो, आणि पडद्यावर ल मांच्या शर्यतीची भिजलेली काळोखी वाट, 1995 सालच्या मॅक्लारेन एफ-वन जीटीआरच्या दिव्यांत, उलगडू लागली. गॉर्डन मरे यांनी जी मोटार केवळ रस्त्यासाठी कल्पिली, जिच्यात शर्यतीची तजवीज मुळी नव्हतीच, तिनेच त्या वर्षी चोवीस तासांच्या पर्जन्यग्रस्त परीक्षेत, लेहटो, दालमास आणि सेकिया या तीन चालकांच्या हातून, खास शर्यतीसाठी घडविलेल्या गाड्यांना मागे टाकले.

चालकाचे आसन मधोमध असल्यामुळे डाव्या-उजव्याचा माझा जन्मभराचा हिशेब प्रथम चुकतो. पाठीशी बारा सिलिंडरांचे बीएमडब्ल्यू इंजिन गर्जत असते; आणि गिअर उतरविताना क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर ही त्रिवेणी दोनच पायांनी साधावी लागते. ओल्या वळणातून निघताना उजवा पाय तिळभर अधीर झाला, की मागची चाके बंडाचे निशाण उभारतात.

आज मी सात वेळा गरगरलो, आणि साती वेळा एका कळीने मला पूर्ववत रस्त्यावर आणून ठेवले. ही माफीची सनद शर्यतीच्या त्या रात्री कोणापाशी नव्हती, हे ध्यानी येताच स्वतःच्या धाडसाविषयीचा माझा अभिमान निमूटपणे ओसरला. उरला तो केवळ, त्या तिघांच्या संयमाविषयीचा, निःशब्द आदर.